मशीन बरोबर, खोली चुकली

"काका, नमस्कार. आम्ही मुलुंड पूर्वेला एका जुन्या चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. इमारत १९८४ ची. वरचा फ्लॅट बंद असतो, मालक बाहेरगावी असतात. गेल्या महिन्यात त्यांच्या बाथरूममधली भिंतीतली पाइपलाइन फुटली आणि कुणाच्या लक्षात येईपर्यंत दोन दिवस पाणी आमच्या बेडरूममध्ये उतरत राहिलं. पीओपीचं सिलिंग अर्धं खाली आलं, वॉर्डरोब फुगला. आठवडाभर आम्ही भिंतीवर टेबलफॅन सोडून ठेवला होता, तरी कोपऱ्यात काळे-हिरवे ठिपके आले. आता काँट्रॅक्टरने तोडफोड सुरू केलीय. घरभर पांढरी धूळ आणि कुबट वास. सासरे ७४ वर्षांचे, त्यांना दमा आहे. नणंद ठाण्यात असते, पण ते मुलीच्या घरी राहायला तयार नाहीत. मुलगा सहावीत आहे. मिस्टरांनी एअर प्युरिफायर आणून त्याच बेडरूममध्ये लावला, तर पाचव्या दिवशी फिल्टरचा लाल दिवा लागला. काँट्रॅक्टर म्हणतो, शेवटी ओझोन मारून देतो, वास आणि बुरशी दोन्ही जातील. सासूबाई म्हणतात, ही कोविडवाली काळी बुरशी आहे. मिस्टर म्हणतात, मोठं मशीन घेऊ. पाच आठवड्यांवर गणपती आलेत, आमच्याकडे दीड दिवसांचा असतो आणि पन्नास माणसं येतात. नक्की कोणतं मशीन घ्यावं?"

— एक वाचक, मुलुंड पूर्व (नाव छापू नये ही विनंती)

ताई, मशीन घेऊ नका. आहे तेच पुरेल. फक्त ते उचलून सासरे झोपतात त्या खोलीत ठेवा, आणि हे वाचून होईपर्यंत काँट्रॅक्टरला हातोडा खाली ठेवायला सांगा. एक दिवस काम थांबलं म्हणून आभाळ कोसळत नाही. तुमच्याकडे जेवढं कोसळायचं तेवढं कोसळून झालंय.

तुमच्या मिस्टरांवर चिडू नका, हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय. हवा खराब झाली, म्हणून हवा साफ करणारं यंत्र आणलं. ऐकायला सरळ वाटतं. पण मोरीचा नळ चालू ठेवून आपण लादी पुसत बसलो, तर दोष फडक्याचा नसतो. घरगुती प्युरिफायर रस्त्यावरचा धूर आणि घरातली रोजची धूळ गृहीत धरून बनवलेला असतो. पीओपीवर हातोडा पडला की तासाभरात जेवढी पूड उडते, तेवढी त्याने एरवी कित्येक महिन्यांत पाहिली नसती.

फिल्टर मात्र वाईट नाही. आत असतं ते हेपा, म्हणजे अतिबारीक धाग्यांच्या जाळ्याचं फिल्टर. खऱ्या हेपा फिल्टरची कसोटी ०.३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कणांवर होते आणि त्यातले ९९.९७ टक्के त्याने अडवायला लागतात. ०.३ च का? कारण तोच आकार पकडायला सगळ्यात अवघड. त्याहून मोठे कण धाग्यांवर आपटून अडकतात, त्याहून बारीक कण हवेत इतके भरकटतात की कुठल्या ना कुठल्या धाग्याला चिकटतातच. मधले तेवढे निसटू पाहतात. बुरशीचे बीजाणू बहुतेक २ ते १० मायक्रॉनचे, म्हणजे या जाळ्यासाठी चांगले ढबू. तेव्हा तुमच्या फिल्टरची पकड कमी पडली नाही, पोट लहान पडलं.

आता सगळ्यात आधी सासऱ्यांचं बघू. दम्याच्या माणसाने तोडफोडीच्या दिवसांत त्या घरात राहू नये. शेजारच्या खोलीत दार लावून बसणंही चालणार नाही. तोडणं आणि बुरशी काढणं हे काम नीट केलं तर चार-पाच दिवसांत आटपतं, तेवढे दिवस त्यांनी बाहेर काढावेत. मुलीच्या घरचं पाणीही न पिणारी ती पिढी मी जवळून ओळखतो, माझे वडील त्यातलेच. सुनेने सांगितलं की हट्ट वाढतो, मुलाने सांगितलं की भांडण होतं. हे त्यांच्या डॉक्टरांकडून वदवून घ्या, आणि त्याच भेटीत पंप किती वेळा घ्यायचा तेही लिहून आणा. डॉक्टरांच्या शब्दाला ही मंडळी मान देतात. नणंदेकडे नकोच असेल तर त्याच इमारतीत एखाद्या शेजाऱ्याकडे दिवसभराची सोय बघा, काम संध्याकाळी सहाला थांबवायचं आणि खोली पुसून झाल्यावरच त्यांनी घरी यायचं. मास्क लावून घरात बसवणं हा उपाय नाही. एन ९५ लावून दम्याच्या म्हाताऱ्या माणसाला दोन तास काढणं जड जातं.

सासूबाईंची भीतीही घालवू. २०२१ मध्ये वर्तमानपत्रांत 'काळी बुरशी' म्हणून जो आजार गाजला, तो म्युकरमायकोसिस. त्यात काळी पडते ती रुग्णाच्या शरीरातली मेलेली पेशी, बुरशी स्वतः काळी नसते. तो गाठत होता तो मुख्यतः बेसुमार साखर वाढलेल्यांना आणि स्टिरॉइड्सचे मोठे डोस घेतलेल्यांना. भिंतीवरचे काळे-हिरवे ठिपके वेगळ्या कुळातले, ॲस्परजिलस, क्लॅडोस्पोरियम, पेनिसिलियम असली ही मंडळी. रंगावरून जात ओळखता येत नाही. प्रयोगशाळेत नमुना पाठवायचा खर्चही करू नका, दिसतेय ती काढायचीच आहे, नाव कळून काय करणार? मात्र याचा अर्थ ती निरुपद्रवी आहे असा नाही. दमा, ॲलर्जी, ताब्यात नसलेला मधुमेह, नुकतीच केमोथेरपी झालेलं कुणी घरात असेल तर ॲस्परजिलससुद्धा चांगलाच त्रास देऊ शकतो.

आणि ती टेबलफॅनची चूक. पाणी पडल्यानंतरच्या पहिल्या दिवशी पंखा लावणं बरोबरच होतं. ओल्या वस्तू २४ ते ४८ तासांत सुकल्या तर बुरशी सहसा धरत नाही. पण ठिपके दिसल्यावर त्याच पंख्याने ते बीजाणू फुंकर मारून घरभर पोचवले. बुरशी दिसली की पंखा बंद, ती खरवडून काढेपर्यंत बंद. सिलिंगफॅनसुद्धा.

अमेरिकेत या कामाचं रीतसर शास्त्र झालंय. आयआयसीआरसी नावाची संस्था मानकं काढते, पाण्याच्या नुकसानीसाठी एस ५०० आणि बुरशीसाठी एस ५२०. जाडजूड पुस्तकं आहेत. आपल्याकडे हे काम पीओपीवाला, पेंटर आणि प्लंबर मिळून करतात आणि हवा हा त्यातल्या कुणाचाच विषय नसतो. पण त्या पुस्तकांचा गाभा अगदी घरगुती आहे: बुरशी मारत बसू नका, काढून टाका. मेलेले बीजाणूही ॲलर्जी देतात. म्हणून फवारणी, फॉगिंग, धूप हे काढण्याच्या ऐवजी कधीच चालत नाहीत.

याच कारणासाठी ओझोनला सरळ नाही म्हणा. माणसाला सुरक्षित अशा प्रमाणात ओझोन ना वास घालवतो ना बुरशी, आणि या दोन्हींवर परिणाम होईल इतका सोडला तर तो फुप्फुसांना जाळतो. दम्याला तो थेट चिथावणी देतो. शिवाय रबर, इलॅस्टिक खातो आणि रंगातल्या, फर्निचरमधल्या रसायनांशी भिडून फॉर्मल्डिहाइडसारखे नवे त्रासदायक वायू तयार करतो. जळालेल्या, पूर्ण रिकाम्या घरात धुराचा वास काढायला जाणकार माणसं तो वापरतात, पण तिथे कुणी राहत नसतं. तुमच्या काँट्रॅक्टरचा बहुधा वाईट हेतू नाही. दोन तास मशीन लावून ठेवायचं आणि बिलात एक ओळ वाढवायची, एवढं सोपं काम कुणाला आवडणार नाही?

आता खोलीकडे येऊ. इथे मी जरा वेळ घेणार आहे, कारण सगळा खेळ इथे आहे.

दुरुस्तीत एकाच खोलीचे दोन ऋतू असतात. तोडताना हवा बाहेर जायला हवी, आणि सुकवताना खोली बंद हवी. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. तोडताना पावसाची झड येते म्हणून खिडक्या लावून घेतात, आणि सुकवायला म्हणून दारं-खिडक्या उघडून बसतात. श्रावणात बाहेरच्या हवेत आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास, कधी त्याहून वर. त्या हवेने भिंत कशी सुकेल? ती भिंतीलाच पाणी पाजते.

तोडण्याच्या ऋतूत असं करा. बेडरूमच्या दाराला जाड प्लॅस्टिकचा कागद, तोही दुहेरी, दोन्ही कागद एकमेकांवर हातभर येतील असे, म्हणजे माणूस मधून जाईल आणि मागे पडदा आपोआप मिटेल. कडा टेपने चिकटवा. जुन्या इमारतीत दारावर व्हेंटिलेटरची झडप असते, ती हमखास विसरली जाते, तीही बंद करा. खोलीतला एसी बंद करून त्याला पिशवीसारखं प्लॅस्टिक गुंडाळा. चालू राहिला तर पीओपीची पूड आतल्या ओल्या कॉइलवर बसून लगदा होतो आणि नंतर महिनाभर तोच लगदा तुम्हाला वाऱ्याबरोबर परत मिळतो. खिडकीच्या एका भागात प्लायवूडचा तुकडा बसवून त्यात मोठा एक्झॉस्ट पंखा लावा, तोंड बाहेर. बाकीची खिडकी बंद. म्हणजे खोलीतली हवा बाहेर फेकली जाते आणि तिची जागा घ्यायला घरातली स्वच्छ हवा पडद्याच्या फटीतून आत शिरते. धूळ उलट्या दिशेने यायला वाटच राहत नाही. परदेशातली माणसं यासाठी मोठी यंत्रं लावून दाबाचा फरक मोजतात. तुम्ही देवघरातली उदबत्ती घ्या. पडद्याच्या फटीशी धरा. धूर आत ओढला गेला तर जमलं, तुमच्याकडे आला तर कुठेतरी भोक राहिलंय.

पंखा बाहेर म्हणजे कुठे, हेही बघा. रस्त्याकडे किंवा कंपाउंडकडे चालेल. डक्टमध्ये मुळीच नाही. त्या डक्टमध्ये चारही मजल्यांच्या बाथरूमच्या खिडक्या उघडतात, तुमची धूळ खालच्या वहिनींच्या बादलीत पडेल आणि मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये हवेपेक्षा वेगळं काहीतरी तापेल.

आता हातोड्याचं. सुकं तोडायचं नाही. बागेच्या फवाऱ्याने आधी पाणी मारायचं, मग तुकडा काढायचा. पीओपी ओला असला की पूड न होता ढेकूळ पडतं. प्लास्टरचं चिपिंग असेल तर पाणी आणखी गरजेचं, कारण वाळू-सिमेंटच्या बारीक धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. जुना रंग घासायचा असेल तर पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासा. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत ९० भागांच्या, आत ठेवण्याचं बंधन आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून आलं. तुमची इमारत १९८४ ची, तेव्हा खालचे थर कशाचे असतील याची खात्री देता येत नाही आणि घरात सहावीतला मुलगा आहे. इमारतीत कुठे जुने सिमेंटचे पत्रे असतील, गच्चीवरच्या शेडला किंवा मोरीच्या छज्जाला, तर ते कापू-फोडू देऊ नका, त्यात ॲस्बेस्टॉस असतो.

बिगाऱ्यांना एन ९५ मास्क तुम्ही आणून द्या. ते गळ्यातला रुमाल तोंडाला बांधतात, त्याने सिलिका थांबत नाही. काँट्रॅक्टर "त्यांना सवय आहे" म्हणेल. फुप्फुसाला कसली सवय होते?

काय ठेवायचं, काय टाकायचं? बुरशी लागलेला पीओपी जातो. फुगलेल्या वॉर्डरोबचं प्लाय, विशेषतः भिंतीकडचं मागचं फळकूट, जातं. एमडीएफ, म्हणजे भुसा दाबून केलेली फळी, असेल तर विचारच नको. कापसाची गादी भिजून कुबट झाली असेल तर ती सासूबाईंच्या माहेरची असली तरी जाते. विटांची भिंत आणि सिमेंटचं प्लास्टर ठणठणीत असेल तर राहतं, वाजवून बघा, पोकळ आवाज आला तर काढा. धातू, काच, सनमायका साबणाच्या पाण्याने धुतलं की झालं. टाकायचं ते खोलीतच गोणीत किंवा जाड पिशवीत भरायचं, तोंड बांधायचं आणि मगच पडद्याबाहेर न्यायचं. उघड्या घमेल्यातून राडारोडा जिन्यावरून गेला की बुरशी चारही मजल्यांवर वाटली जाते.

राहिलेल्या भिंतीवरचे डाग साबणाच्या पाण्याने आणि ब्रशने घासायचे, मग फडक्याने पुसून घ्यायचे. ब्लीचिंग पावडरचा आग्रह धरू नका. वरचा रंग उडतो, डोळ्यांना समाधान मिळतं आणि प्लास्टरच्या आत मुळं शाबूत राहतात. वापरलीच, तर एक गोष्ट काम करणाऱ्या बाईंनाही बजावून सांगा: संडास धुवायच्या ॲसिडजवळ ती नेऊ नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि मुंबईतल्या बाथरूमच्या आकारात तो जीवघेणा ठरू शकतो.

इथवर आलात की तोडण्याचा ऋतू संपला. खोली पुसायची, पण केरसुणी किंवा झाडू नाही. सुकं झाडणं म्हणजे खाली बसलेल्या धुळीला पुन्हा आमंत्रण. साधा व्हॅक्युम क्लीनरही नको, तो जाड धूळ पोटात ठेवतो आणि बारीक धूळ मागच्या बाजूने खोलीत सोडतो. हेपा फिल्टरवाला असेल तर चालेल. नसेल तर ओलं फडकं, वरून खाली, माळा, पंख्याची पाती, दाराच्या चौकटीची वरची कड, मग भिंती, शेवटी लादी. बादलीतलं पाणी दर दहा मिनिटांनी बदलायचं. रात्रभर खोली बंद ठेवा, हवेतली धूळ खाली बसू द्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं पुसा. ही दुसरी पुसणी लोक टाळतात आणि मग मशीन विकत घेतात.

आता सुकवण्याचा ऋतू. एक्झॉस्ट बंद, खिडकी बंद, दार बंद. एसीचं प्लॅस्टिक काढा, सर्व्हिसिंग करून घ्या आणि तो ड्राय मोडवर लावा. आता, बुरशी निघून गेल्यानंतर, तुमचा टेबलफॅन भिंतीवर सोडायला हरकत नाही. डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र, भाड्याने मिळाला तर उत्तम. त्याच्या खोक्यावर दिवसाला इतके लिटर असं लिहिलेलं असतं, ती क्षमता बऱ्याचदा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेवर मोजलेली असते, म्हणजे प्रयोगशाळेत मुद्दाम निर्माण केलेला आपला जुलै. पण तो लावून खिडकी उघडी ठेवलीत तर तुम्ही खोली सोडून अख्खी ठाण्याची खाडी सुकवायला काढलीत. आर्द्रता मोजणारा एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर आणा, काही शे रुपयांत मिळतो. आकडा ६० च्या खाली राहिला पाहिजे, ५० च्या आसपास आला तर फारच छान.

खोलीची हवा सुकली म्हणजे भिंत सुकली असं नाही. भिंतीचं वेगळं विचारायचं. फूट-दीड फूट लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लॅस्टिकचा चौकोन चारही बाजूंनी टेपने भिंतीवर घट्ट चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. आतल्या बाजूला बाष्पाचे थेंब किंवा प्लॅस्टिकखालचा भाग गडद दिसला तर भिंतीच्या पोटात पाणी आहे. सुकताना भिंतीवर मिठासारखी पांढरी पूड येईल. जुनी माणसं त्याला लोणा म्हणतात. ती बुरशी नाही, पाण्याबरोबर वर आलेले क्षार आहेत. शंका आली तर थेंबभर पाणी टाका, क्षार विरघळतो, बुरशी विरघळत नाही.

आणि आता गणपती. इथे मला माझीच गोष्ट सांगावी लागेल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मी कलिन्यात तळमजल्यावर राहत होतो. घरात छातीभर पाणी. लोकांची घरं दुरुस्त करणारा मी, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात गणपती म्हणून ऑगस्टअखेर पुट्टी मारून प्लॅस्टिक पेंट लावून मोकळा झालो. मखर छान दिसलं. दिवाळीपर्यंत भिंतीला पुऱ्या फुगाव्यात तसे फुगे आले, मागे बुरशीचा गालिचा. बायको हिवाळाभर खोकत होती आणि मी पेंटरला शिव्या देत होतो. पेंटरची काय चूक? ओल्या भिंतीवर प्लॅस्टिकचं आवरण मी घालायला लावलं होतं.

तेव्हा ती खोली गणपतीआधी रंगवू नका. प्लास्टर उघडं राहू दे, दार लावा, आत हायग्रोमीटर आणि ड्राय मोड चालू राहू दे. गणपती हॉलमध्ये बसवा. पन्नास माणसांना सांगा, बेडरूमचं काम चाललंय. मुंबईत कुणाच्या घरी काम चाललेलं नसतं? रंगकाम ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात करा, प्लॅस्टिकचा चौकोन कोरडा निघाल्यावर. तेव्हा उघड्या खिडक्याही तुमच्या बाजूने असतील. सिलिंग परत पीओपीचंच करायचं का, यावर माझं मत विचारलं नाहीत, तरी सांगतो: वर बंद फ्लॅट असताना नका करू. साधा स्लॅब असता तर पहिल्याच दिवशी ओल दिसली असती. पीओपीने ती दोन दिवस झाकून ठेवली.

धुपाबद्दल एक विनंती. कुबट वासावर गुग्गुळ, कडुलिंब, कापूर असं काहीबाही जाळायची सासूबाईंना इच्छा होईल. देवापुढची एखादी उदबत्ती ठीक आहे. पण वास घालवायला म्हणून केलेला धूर हाही बारीक कणांचाच असतो, सासऱ्यांच्या फुप्फुसाला त्यातलं पावित्र्य कळत नाही. डासांची कॉइलही तशीच.

पैशांचं थोडक्यात. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून किंवा बाहेरच्या सामाईक पाइपातून गळलं तर खर्च सोसायटीचा, फ्लॅटच्या आतल्या बाथरूम-सिंकमधून गळलं तर त्या फ्लॅटवाल्याचा. वरच्या मालकांना फोटोंसकट लेखी कळवा, प्रत सेक्रेटरींना. वरची दुरुस्ती झाल्याशिवाय, नळ सोडून चाचणी घेतल्याशिवाय, खालचं प्लास्टर लावायचं नाही. घराचा विमा असेल तर पॉलिसी काढून वाचा. १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या 'भारत गृह रक्षा'मध्ये पाइप फुटून झालेलं नुकसान येतं, हळूहळू झिरपलेली ओल सहसा येत नाही. तुमचं पहिल्या प्रकारातलं आहे. सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत वॉर्डरोबचा एक तुकडा आणि सिलिंगचा एक तुकडा पिशवीत बांधून गच्चीवर ठेवा.

उरला तुमचा प्युरिफायर. काम चालू असेपर्यंत तो सासऱ्यांच्या खोलीत, दार लावून. पुरेसा आहे का ते असं बघा. दहा बाय बाराची, साडेनऊ फूट उंचीची खोली म्हणजे ११४० घनफूट, साधारण ३२ घनमीटर हवा. तासात ती सहादा गाळली जावी असं वाटत असेल तर १९४ घनमीटर लागतात. खोक्यावर सीएडीआर असा आकडा असेल, म्हणजे मशीन तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं ते, तो दोनशेच्या पुढे असला की तुमचं भागलं. मात्र तो वरच्या वेगाचा असतो, आवाज होतो म्हणून कमी वेगावर ठेवलात की हिशेब बदलतो. वासाचं म्हणाल तर हेपा वायू अडवत नाही, त्याला कोळशाचा थर लागतो, आणि घरगुती मशीनमधला तो पातळ थर रंगकामाच्या दिवसांत लवकर भरून जातो. रंगाचा वास खिडकी उघडूनच घालवायचा.

लाल दिवा लागलेलं ते फिल्टर धुऊ नका. बाहेरची जाळी धुता येते, आतलं हेपा पाण्यात घातलं की धाग्यांचं जाळं बिघडतं. तूर्त जाळी धुऊन, हेपा खिडकीबाहेर न झटकता, आहे तसंच परत बसवा आणि दिव्याकडे दुर्लक्ष करा, हवा थोडी कमी येईल इतकंच. त्यात बुरशीचे बीजाणू अडकलेत, तेव्हा काढताना-घालताना मास्क लावा. नवीन फिल्टर आज मागवू नका. बेडरूमची दुसरी पुसणी झाली, एसीची सर्व्हिसिंग झाली, की त्या संध्याकाळी जुनं पिशवीत बांधून टाका आणि नवीन घाला.